लँडिंग लाइट लावला की ऑइल प्रेशर पडतं: सेन्सर बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी बांधलेलं झेनिथ सीएच ७५०, जुनं रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन, पॅनेलवर डिजिटल इंजिन मॉनिटर. लँडिंग लाइट लावला की ऑइल प्रेशर साधारण अर्धा बार खाली येतं आणि त्याच वेळी ऑइल टेम्परेचर आणि सिलिंडर हेड टेम्परेचर चार-सहा अंशांनी वर जातात. रेडिओचं बोलायचं बटण दाबलं की एक्झॉस्टचं तापमान वेडंवाकडं होतं. शिवाय अधूनमधून ऑइल प्रेशर एकदम वरच्या टोकाला जाऊन परत येतं. ऑइल प्रेशरचा सेन्सर बदलावा का?

इतक्यात नको. ही तीन लक्षणं तीन वेगळ्या दोषांची आहेत आणि नवा सेन्सर त्यातला फार तर एक बरा करेल. मात्र दोष सापडेपर्यंत "सेन्सरच खोटं दाखवतोय" असं धरून उडत राहू नका. ९१२ ला ३५०० आरपीएमच्या वर २ ते ५ बार आणि त्याखाली किमान ०.८ बार प्रेशर लागतं. सेन्सरच्या जागी टी-जोड बसवून एक यांत्रिक प्रेशर गेज तात्पुरता जोडा, विमान बांधून ठेवा, चाकांना ठोकळे लावा आणि इंजिन नीट गरम होऊ द्या. मॉनिटरचा आकडा उड्या मारत असताना गेजचा काटा स्थिर असेल तर इंजिन ठीक आहे, दोष विजेचा आहे. काटाही हलत असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि तेलाची पातळी, पंपाकडे जाणाऱ्या नळीत शिरणारी हवा आणि रिलीफ व्हॉल्व्हच्या (जादा दाब सोडणाऱ्या झडपेच्या) गोळीखाली अडकलेला कचरा, याच क्रमाने बघा. हा टी-जोड जमिनीवरच्या तपासणीपुरताच. इंजिनवर असा लोंबता जोड ठेवून उडलात तर कंपनांनी आटे तडकतात.

आता मुख्य मुद्दा. मॉनिटरला तापमान कळत नाही, प्रेशरही कळत नाही, त्याला फक्त व्होल्टेज कळतं. तुमच्याकडचा जुना ऑइल प्रेशर सेन्सर म्हणजे एक बदलता रेझिस्टर: शून्य बारला सुमारे १० ओहम, १० बारला सुमारे १८० ओहम. त्याला वायर एकच असते, परतीचा रस्ता इंजिनच्या बॉडीतून. मॉनिटर आतल्या एका ठरावीक रेझिस्टरमधून त्या वायरवर ५ व्होल्ट सोडतो आणि वायरवर किती व्होल्ट उरले ते मोजतो. मोजतो मात्र स्वतःच्या निगेटिव्हच्या तुलनेत. म्हणजे मॉनिटरचा निगेटिव्ह आणि इंजिनची बॉडी यांच्यात थोडा जरी फरक पडला तरी तो थेट रीडिंगमध्ये मिसळतो. ऑइल टेम्परेचर आणि हेड टेम्परेचरचे सेन्सरही त्याच पद्धतीचे आहेत, फक्त ते उलटे चालतात: तापले की त्यांचा रेझिस्टन्स कमी होतो.

या उलटेपणाचा आपल्याला फायदा होतो. मॉनिटरचा निगेटिव्ह इंजिनपेक्षा वर उचलला गेला की सगळ्या सेन्सरांचा रेझिस्टन्स कमी भासतो. मग प्रेशर कमी दिसतं आणि तापमानं जास्त दिसतात, तीही एकाच क्षणी. नेमकं हेच तुम्ही लिहिलंय. हे खोटं चित्र तेल संपत आल्याच्या खऱ्या चित्रासारखंच दिसतं, म्हणून माणूस घाबरतो. फरक वेगात आहे. खरं ऑइल टेम्परेचर स्विच दाबल्याबरोबर पाच अंश चढत नाही, त्याला मिनिटं लागतात. तीन आकडे एकाच झटक्यात हलले तर त्या तिघांमध्ये सामाईक काय आहे ते शोधायचं, आणि सामाईक असतो तो निगेटिव्ह.

आकड्यांत बघू. समजा मॉनिटरच्या आतला रेझिस्टर २२० ओहमचा आहे आणि त्या क्षणी सेन्सर ८० ओहमवर आहे. वायरवर १.३३ व्होल्ट दिसतील आणि सेन्सरच्या एका ओहमला साधारण १२ मिलिव्होल्ट पडतील. सरासरी १७ ओहमला एक बार धरा. ५५ वॅटचा दिवा सुमारे ४.२ अँपिअर खेचतो. २० गेजच्या (गेज म्हणजे इथे वायरच्या जाडीचं माप) तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला ३३ मिलिओहम असतो. दिवा आणि मॉनिटर दोघांचा निगेटिव्ह अशा एक मीटर वायरने परत जात असेल तर तिच्यावर १४० मिलिव्होल्ट पडतात, आणि या हिशोबात त्यातले सुमारे १०० मिलिव्होल्ट रीडिंगमध्ये उतरतात. म्हणजे ८ ओहम, म्हणजे अर्धा बार. तुमच्या मॉनिटरमधला रेझिस्टर वेगळा असेल, पण हिशोब असाच करायचा. लक्षात घ्या, या उदाहरणात एकही जोड खराब नाही. वायर दिव्याच्या करंटला पुरेशी आहे, ती फक्त दोघांत वाटून घ्यायला नको होती.

निगेटिव्हमधला हा फरक मोजायची तपासणी इंजिन बंद ठेवून होते, म्हणून आधी हीच करा. बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. काळी पिन मॉनिटरच्या निगेटिव्ह पिनवर, कनेक्टरच्या मागच्या बाजूने लावा. लाल पिन लांब वायरने इंजिनच्या क्रॅंककेसवर, म्हणजे मुख्य धातूच्या खोळीवर, रंग नसलेल्या धातूवर टेकवा. मास्टर (मुख्य स्विच) चालू, बाकी सगळं बंद: दोन-चार मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. आता एकेक स्विच लावत जा. लँडिंग लाइट, स्ट्रोब, नॅव्हिगेशन लाइट, विजेवरचा इंधन पंप, रेडिओ. प्रत्येकाने आकडा किती हलवला ते कागदावर लिहा. एकूण फरक १० मिलिव्होल्टच्या आत राहिला तर उत्तम, ५० च्या पुढे गेला तर दुरुस्ती हवीच. ओहमच्या रेंजवर हे शोधायला जाऊ नका. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ ओहम असतो आणि आपण शोधतोय ०.०३.

फरक मोठा आला की रस्त्याचे तुकडे करा: मॉनिटरच्या पिनपासून पॅनेलमागच्या निगेटिव्ह पट्टीपर्यंत, तिथून विमानाच्या बॉडीपर्यंत, बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, आणि बॅटरीपासून क्रॅंककेसपर्यंत. लाइट चालू ठेवून प्रत्येक तुकडा मोजा. चारही आकड्यांची बेरीज आधीच्या एकूण आकड्याशी जुळली पाहिजे, नाही जुळली तर कुठेतरी पिन रंगावर टेकली आहे. सगळ्यात मोठा आकडा ज्या तुकड्यावर, तिथे पाना घेऊन जा. बहुतेक वेळा तिथे थिंबलखाली (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कड्याखाली) रंग किंवा अ‍ॅनोडायझिंग राहिलेलं सापडतं, नाहीतर एकाच बोल्टवर पाच-सहा थिंबल रचून ठेवलेले असतात आणि मधले सैल झालेले असतात.

दुरुस्तीची पद्धत ठरलेली आहे. फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीवर) एकच निगेटिव्ह बिंदू करा, म्हणजे पितळी पट्टी आणि तिला आरपार बोल्ट. बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनचा अर्थ पट्टा (इंजिनची बॉडी निगेटिव्हला जोडणारी जाड वायर) या बोल्टवर येऊ द्या. प्रत्येक उपकरणाची निगेटिव्ह वायर स्वतंत्रपणे या पट्टीवर आणा, वाटेत कोणाशी जोडू नका. मॉनिटरला १८ गेजची वायर द्या. त्याचा करंट नगण्य आहे, पण जाड वायर कंपनात टिकते आणि क्रिम्प (पकडीने दाबून केलेला जोड) नीट बसतो. अ‍ॅल्युमिनियमवर जिथे थिंबल बसतो तिथे पॉलिश पेपरने धातू उघडा करा, कलई केलेला थिंबल लावा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि मग वरून ग्रीसचा हात फिरवा म्हणजे ओल शिरणार नाही. सेन्सरांपैकी एखाद्याला वेगळी निगेटिव्ह वायर देता येत असेल तर ती मॉनिटरच्याच निगेटिव्ह पिनवर न्या.

इंजिनचा अर्थ पट्टा याच वेळी बघून घ्या. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते विमानापासून वेगळंच. हा पट्टा तुटला की स्टार्टरचा करंट मिळेल त्या वाटेने परत जातो: थ्रॉटलच्या केबलमधून, सेन्सरांच्या शील्डमधून, तेलाच्या नळीवरच्या स्टीलच्या जाळीतून. स्टार्ट केल्यावर थ्रॉटल जड लागायला लागला आणि त्याच सुमारास रीडिंग बिघडली तर आधी हा पट्टा तपासा, कारण तापलेल्या केबलच्या आतलं प्लास्टिक वितळलेलं असू शकतं. १६ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक पट्टा नको. थिंबलजवळचं हीट श्रिंक (तापवून घट्ट बसवलेली प्लास्टिकची नळी) कापून आतल्या तारा बघा, त्या नेहमी तिथेच तुटतात आणि बाहेरून पट्टा धडधाकट दिसतो. खात्रीसाठी इग्निशनचे दोन्ही स्विच बंद ठेवून तीन-चार सेकंद स्टार्टर फिरवा आणि क्रॅंककेस ते बॅटरी निगेटिव्ह व्होल्टेज बघा. ०.३ च्या आत हवं. मल्टिमीटरच्या वायरी आधीच कॉकपिटमध्ये आणून ठेवा. इग्निशन बंद असलं तरी प्रोपेलरजवळ कोणी उभं राहायचं नाही.

आता तिसरं लक्षण, प्रेशर मधूनच वरच्या टोकाला जाणं. इथे उडी कोणत्या दिशेला आहे हेच अर्धं निदान. या जातीच्या सेन्सरची वायर सुटली की रेझिस्टन्स अनंत होतो आणि प्रेशर पूर्ण वर जातं. वायर घासून बॉडीला टेकली की प्रेशर शून्य दिसतं. तापमानाच्या सेन्सरांचं उलट: सुटली तर एकदम थंड किंवा रिकामी चौकट, टेकली तर मर्यादेबाहेर गरम. म्हणजे तुमच्याकडे घासलेली वायर शोधत बसायचं कारण नाही, सर्किट क्षणभर तुटतंय. सेन्सरवर दाबून बसवलेला टर्मिनल सैल असेल, किंवा क्रिम्पच्या तोंडाशी इन्सुलेशनच्या आत तार तुटलेली असेल, किंवा सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप असेल. हा सेन्सर आट्यांमधूनच निगेटिव्ह घेतो आणि टेप ती वाट अर्धवट बंद करते, शिवाय टेपचे धागे तेलाच्या छिद्रात जातात ते वेगळंच. टेप काढा. सीलंट लावायचाच तर पातळ आणि पहिले दोन आटे सोडून लावा, मग सेन्सरच्या षटकोनी भागापासून क्रॅंककेसपर्यंत रेझिस्टन्स मोजून बघा.

क्रिम्पची परीक्षा ओढून होते. २२ गेजच्या वायरवरच्या चांगल्या क्रिम्पने सहा-सात किलोचा ताण सोसला पाहिजे. वायर बोटांनी ओढल्यावर निघून आली तर उरलेल्या सगळ्या क्रिम्पांकडेही संशयाने बघा, कारण ते त्याच पकडीने आणि त्याच दिवशी केलेले असतात. डाग देऊन दुरुस्ती करायचा मोह टाळा. सोल्डर तारांमध्ये वर चढतो आणि तो जिथे संपतो तिथे कंपनांनी वायर मोडते.

तरी उडी राहिली तर सेन्सर की वायर, याचा निकाल एका रेझिस्टरने लागतो. पाव वॅटचे १०, ४७, १०० आणि १८० ओहमचे रेझिस्टर आणा, सगळे मिळून चहाच्या पैशांत येतात. इंजिन बंद ठेवून सेन्सरची वायर काढा आणि तिच्या टोकापासून क्रॅंककेसपर्यंत १०० ओहम लावा. मॉनिटर एका आकड्यावर स्थिर राहील. आता सेन्सरपासून मॉनिटरपर्यंत हार्नेस (वायरींचा जुडगा) वीतभर वीतभर हलवत, वाकवत जा आणि दुसऱ्या कोणाला तरी स्क्रीनकडे बघायला सांगा. काही सापडलं नाही तर रेझिस्टर हीट श्रिंकमध्ये पक्का करून एक्झॉस्टपासून लांब बांधा आणि यांत्रिक गेज जागेवर असतानाच इंजिन दहा मिनिटं वेगवेगळ्या आरपीएमवर चालवा. गेज नसेल तर हे करायचंच नाही, कारण तेवढा वेळ तुमचा ऑइल प्रेशरचा आकडा खोटा असतो. या दहा मिनिटांत एकही उडी आली नाही तर सेन्सर दोषी. उडी आलीच तर वायर किंवा मॉनिटरचा कनेक्टर.

सेन्सर दोषी ठरला तर बाहेर काढून एकदा बघाच. रेग्युलेटर असलेल्या कंप्रेसरवर ० ते ६ बार हळूहळू चढवा आणि ओहम बघत राहा. आकडा सलग वाढला पाहिजे. आतला सरकता काटा वर्षानुवर्षं ३-४ बारच्या आसपास थरथरत असतो, त्यामुळे तिथली पट्टी झिजते आणि नेमकं क्रूझमध्ये, म्हणजे सरळ स्थिर उड्डाणात, सर्किट तुटतं. जमिनीवर आयडलला सगळं छान आणि हवेत उड्या, याचं हे नेहमीचं कारण. नवा घेताना चार ते वीस मिलिअँपिअरचा घ्यावा, नव्या ९१२ वर तसाच येतो. त्यात आकडा व्होल्टेजमध्ये नसून करंटमध्ये असतो, त्यामुळे निगेटिव्हमधल्या फरकाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. ४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य, २० म्हणजे १० बार, मधल्या ३ बारला ८.८ आले पाहिजेत. मीटर सिरीजमध्ये लावला की लगेच कळतं. इंजिन बंद असताना ४ च्या जागी ० आले तर वायर तुटलेली आहे. फक्त मॉनिटरच्या सेटिंगमध्ये सेन्सरचा प्रकार बदलायला विसरू नका, आणि तुमच्या मॉनिटरला हा प्रकार चालतो का ते आधी मॅन्युअलमध्ये बघा.

राहिला रेडिओ. विमानाचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्या लहरींची पाव लांबी साधारण ६० सेंटिमीटर येते. पॅनेलमागे मोकळ्या सोडलेल्या वायरी बरोबर तेवढ्याच असतात, म्हणून त्या उत्तम अँटेना बनतात. एक्झॉस्टचा सेन्सर के-प्रकारचा थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा जोड) आहे, एका अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देणारा. एक मिलिव्होल्टची घुसखोरी झाली की आकडा २४ अंश हलतो. इतर सेन्सर व्होल्टमध्ये बोलतात म्हणून ते शांत राहतात.

इंजिन बंद असताना एक्झॉस्टचं रीडिंग हवेच्या तापमानाइतकं असतं. टॉवर किंवा दुसरं कोणी अडणार नाही अशा वेळी ११८, १२२, १२७ आणि १३६ च्या आसपासच्या मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर एकेक सेकंद बटण दाबून बघा. त्रास फ्रिक्वेन्सीनुसार कमीजास्त झाला तर लहरी वायरींवर बसतायत. मग अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड लावा, रेडिओच्या पॉवरला झेपणारा. त्रास थांबला तर अँटेनाकडे लक्ष द्या: तिच्या बुडाखाली रंग आहे का, कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) कनेक्टरची बाहेरची जाळी नीट पकडली आहे का, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या लहरींचं माप) २ च्या खाली आहे का. त्रास तसाच राहिला तर लहरी रेडिओच्या पॉवर वायरमधून किंवा कोॲक्सच्या बाहेरून येतायत. लोडही नाही, अँटेनाही नाही, अशा अवस्थेत बटण दाबू नका, रेडिओचा शेवटचा टप्पा जातो. बहुतेकदा कनेक्टर नवा क्रिम्प केला आणि कोॲक्स सेन्सरांच्या हार्नेसपासून वेगळी बांधली की काम होतं. नाहीच झालं तर ४३ मटेरिअलचे फेराइट (वायरवर चढवायची, लहरी अडवणारी कडी) थर्मोकपलच्या वायरींवर मॉनिटरच्या अगदी जवळ लावा. शील्ड असेल तर ती एकाच टोकाला, मॉनिटरच्या बाजूला, निगेटिव्हला जोडा. दोन्ही टोकांना जोडलीत तर आपण वर जो दोष काढला तोच परत तयार होतो.

थर्मोकपलला हात लावलाच आहे तर दोन गोष्टी तपासून घ्या. मॉनिटरच्या इनपुटवर त्याच्या दोन पिना तारेने जोडा, तिथे पॅनेलमागचं तापमान दिसलं पाहिजे. दिसलं तर मॉनिटरचा तो चॅनल ठीक आहे. दुसरी गोष्ट वायरीची. थर्मोकपल लांबवायला साधी तांब्याची वायर वापरलेली असेल तर काउलिंगच्या (इंजिनवरच्या आवरणाच्या) आतला जोड आणि पॅनेल यांच्या तापमानात जितका फरक, तितकं रीडिंग कमी येतं. आत ८० आणि पॅनेलमागे ३० असेल तर ५० अंश कमी. हा दोष उडी मारत नाही, इंजिनबरोबर हळूहळू वाढतो, म्हणून लोक मिश्रणाचा स्क्रू फिरवत बसतात. वायर योग्य जातीची पण दोन्ही टोकांना उलटी जोडलेली असेल तर चूक दुप्पट, म्हणजे १०० अंश. अमेरिकी रंगांत के-प्रकार पिवळा-लाल असतो आणि लाल हा निगेटिव्ह, इथे पुष्कळ जण फसतात. युरोपी वायरीत तोच हिरवा-पांढरा असतो आणि पांढरा निगेटिव्ह. रंग उडालेले असतील तर चुंबक लावा: के-प्रकारात चुंबकाला चिकटते ती निगेटिव्ह तार.

फक्त इंजिन चालू असतानाच, लाइट-रेडिओ काहीही न लावता सगळे आकडे थरथरत असतील तर मॉनिटरच्या पॉवर पिनवर एसी व्होल्टेज मोजा. ०.२ च्या वर आलं तर व्होल्टेज रेग्युलेटरकडचा २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याच्या वायरी बघा. रेग्युलेटरचा कनेक्टर तपकिरी पडला असेल तर तोही बदला.

सगळं झाल्यावर सेन्सरच्या वायरवर चारही रेझिस्टर एकेक करून लावा आणि मॉनिटर काय दाखवतो ते लॉगबुकात लिहून ठेवा. पुढच्या वेळी दोन मिनिटांत तुलना होईल. तापमानाचा सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवून बघा, मात्र त्याच्या बॉडीपासून क्रॅंककेसपर्यंत एक वायर जोडून, नाहीतर सर्किटच पूर्ण होणार नाही. समुद्रसपाटीला १०० दिसलं पाहिजे, पुण्याच्या उंचीवर ९८. मग टी-जोड काढा, सेन्सर जागेवर बसवा, काउलिंग न लावता पंधरा मिनिटं इंजिन चालवा, प्रत्येक स्विच आणि बोलायचं बटण दाबून बघा. इंजिन बंद केल्यावर सेन्सरच्या बुडाशी कोरडं बोट फिरवा. तेल लागलं नाही तर काउलिंग लावा.